मुलांच्या दंतोपचारात गुंगीचे औषध : पालकांसाठी माहिती

बेळगाव शहरातून आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मुलांना घेऊन आमच्या दवाखान्यात येणारे पालक बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो असा : "डॉक्टर, पोराला पूर्ण भूल देणार काय?" बहुतेक मुलांना तशी गरज पडत नाही. गुंगी आणि पूर्ण भूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मूल समजावून सांगितल्यावर शांत बसते, त्याला आम्ही गुंगीही देत नाही. परंतु फार घाबरणाऱ्या, किंवा एकाच बैठकीत अनेक दाढांवर काम करावे लागणाऱ्या मुलाला हात-पाय धरून उपचार करणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण ती भीती पुढे अनेक वर्षे त्याच्या मनातून जात नाही.

सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे नायट्रस ऑक्साइड हा वायू. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ साली स्वतःची दाढ काढून घेताना हाच वायू वापरला होता. आज तो नेहमी ऑक्सिजनमध्ये मिसळून, नाकावरच्या लहान मास्कमधून दिला जातो आणि मुलांसाठी त्याचे प्रमाण सहसा ५० टक्क्यांच्या पुढे नेत नाहीत. काही मिनिटांतच मुलाला हलके वाटू लागते, बोटांना झिणझिण्या येतात. पण ते जागे असते, विचारले तर उत्तर देते आणि सांगितल्यावर तोंड उघडते. काम संपल्यावर सुमारे ५ मिनिटे केवळ ऑक्सिजन दिला की परिणाम ओसरतो. मात्र या वायूने दाढ बधिर होत नाही, म्हणून हिरडीतले इंजेक्शन द्यावेच लागते. फक्त मूल ते अधिक शांतपणे सहन करते.

ज्यांना एवढ्याने पुरत नाही, त्यांना मिडाझोलम हे औषध वजनानुसार मोजून तोंडावाटे देता येते. ते लागू पडायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मूल पेंगुळते आणि पुष्कळदा नंतर त्याला उपचाराची आठवण राहत नाही. क्वचित एखादे मूल उलट चिडचिड करते, हेही आधीच सांगितलेले बरे. या काळात बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन सतत पाहिला जातो. पूर्ण भूल मात्र भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

पालकांकडून सर्वाधिक काळजी हवी ती पोटाबाबत. तोंडावाटे गुंगी द्यायची असल्यास साधे पाणी २ तास आधीपर्यंत, आईचे दूध ४ तास आधीपर्यंत आणि गाई-म्हशीचे दूध किंवा हलके खाणे ६ तास आधीपर्यंत चालते. तळलेले व जड अन्न ८ तास आधी थांबवावे. दुधाचा चहा हा पाण्यात नव्हे, दुधातच मोजावा. गुंगीत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे उलटी झाल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सकाळी लवकर निघालेल्या एका मुलाला आजीने मायेपोटी बसस्टँडवर दोन बिस्किटे दिली होती आणि ते आम्हाला अगदी शेवटच्या क्षणी कळले. आम्ही उपचार दुसऱ्या दिवसावर ढकलला. असे घडले तर कृपया लपवू नये. कोणी रागावणार नाही.

दमा, झोपेत घोरणे, हृदयाचा आजार, फिट येणे, अलीकडे झालेली कानाची शस्त्रक्रिया किंवा चालू औषधे असतील तर तेही सांगावे. संमतिपत्र मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहे. ते घाईने सही करण्यासाठी नाही, हवे तर आम्ही वाचून दाखवतो.

परतीसाठी दोन मोठी माणसे असावीत : एकाने वाहन चालवावे, दुसऱ्याने मुलाकडे लक्ष द्यावे. पेंगलेल्या मुलाला दुचाकीवर नेऊ नये, आणि गाडीत त्याची मान छातीवर झुकू देऊ नये. इंजेक्शनचा बधिरपणा २ ते ३ तास टिकतो. तेवढा वेळ मूल ओठ किंवा गाल चावत नाही ना, हे पाहावे.

आपल्याकडे पावसाळ्यात मुलांना वारंवार सर्दी होते, आणि नाक चोंदले असेल तर वायू नीट आत जात नाही. म्हणून सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात फोन करावा. नवीन तारीख देण्यासाठी आम्ही वेगळे शुल्क घेत नाही.