दिवसा मिटलेला डोळा: नव्या शॅमेलिऑनचं आजारपण ओळखताना

शॅमेलिऑनची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची, तब्येत सगळ्यात आधी कळते ती त्याच्या डोळ्यांवरून. शंकूसारख्या पापण्यांतून डोकावणारे ते दोन डोळे एकमेकांशी बांधलेले नसतात. एक समोरच्या किड्यावर रोखलेला असतो तेव्हा दुसरा वर, मागे, बाजूला फिरत असतो, आणि उजेड असेपर्यंत निरोगी शॅमेलिऑन हे काम थांबवत नाही. मधूनच तो एखादा डोळा फुगवतो, मिटतो, फांदीला घासून साफ करतो, तेवढं चालतं. पण दिवे लागलेले आहेत, सकाळचे अकरा वाजलेत आणि तो दोन्ही डोळे मिटून बसलाय, तर ती झोप नव्हे. नुकत्याच घरी आणलेल्या जनावराबद्दल माणसं हमखास समजूत करून घेतात, की प्रवासानं दमला असेल, दोन दिवसांत रुळेल. दोन-तीन दिवस न खाणं हा रुळण्याचा भाग असू शकतो. दिवसा डोळे मिटून बसणं तसं नसतं. त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करायचा.

पाळीव म्हणून विकले जाणारे शॅमेलिऑन प्रामुख्यानं दोन जातींचे असतात. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन, आणि मादागास्करच्या किनारपट्टीवरचा रंगीत पँथर शॅमेलिऑन. अमेरिका आणि युरोपात या दोन्हींची पैदास होते, आणि तिथल्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टानं ते येऊन पोचतात. भारतातली गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडच्या रानात सापडणारा भारतीय शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. या दोन परदेशी जातीही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः परदेशातल्या घरांना धरून लिहितो आहे.

नव्या मालकाला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो वेगाचा. सोमवारी बरा दिसत होता, गुरुवारी फांदीवरून खाली पडला. प्रत्यक्षात आजार सोमवारनंतर सुरू झालेला नसतो. रानात ज्याला पक्षी आणि साप टिपून खातात, तो प्राणी अशक्तपणा दाखवत नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा चयापचय मंद. कॅल्शियमची तूट, पाण्याची कमतरता, आतड्यातले परजीवी हे सगळं तो आठवडेच्या आठवडे रेटत नेतो आणि साठा संपला की एकदम कोसळतो. म्हणजे विकत घेऊन पंधरवड्याच्या आत आजारी पडलेल्या शॅमेलिऑनचा आजार बहुतेकदा दुकानातल्या गर्दीच्या पिंजऱ्यात किंवा प्रवासाच्या खोक्यात सुरू झालेला असतो. रानातून पकडून आणलेला असेल तर त्याहूनही आधी. मादागास्करहून आलेल्या काही सरड्यांच्या कातडीखाली हत्तीरोगाच्या जंतांच्या कुळातले बारीक किडे दोऱ्यासारखे दिसतात.

रंगावरून तब्येत ओळखायची सवय अनेकांना असते, आणि ती फसवी ठरू शकते. शॅमेलिऑन रंग कसा बदलतो याचं उत्तर जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत शोधलं. तिथल्या काही पेशींमध्ये ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. सरडा शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. तो चिडला किंवा जोडीदार दिसला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा-तांबडा प्रकाश उसळतो. गडद रंगद्रव्याच्या पेशींचा पसारा या सगळ्याबरोबर कमी-जास्त होतो. म्हणून सकाळी थंडावलेला शॅमेलिऑन ऊन ओढून घ्यायला काळपट होतो, त्यात काही वावगं नाही. अंग तापलं की रंग उजळतो. काळजी तेव्हा करायची, जेव्हा दिव्याखाली तास-दोन तास बसूनही तो काळवंडलेलाच राहतो, किंवा दिवसभर झोपेतल्यासारखा फिका पडून असतो.

आता सगळ्यात नेहमीच्या, आणि माझ्या मते सगळ्यात अन्यायकारक आजाराकडे वळतो. अन्यायकारक एवढ्यासाठी, की तो पूर्णपणे टाळता येतो. लहान मुलांच्या मुडदुसाची ही सरड्यातली आवृत्ती. हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लवचिक होतो. पण पाय वाकेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. त्याआधीची लक्षणं बारीक असतात. चालताना पाय थरथरतात. फांदी पकडताना पकड चुकते, आणि सांडशीसारख्या पंजांनी तो स्वतःचाच दुसरा पाय धरून बसतो. जीभ नेम धरून सुटते, पण किड्यापर्यंत पोचत नाही, किंवा बाहेर आलेली पूर्ण आत जात नाही. अंगाच्या लांबीहून लांब जाणारी ही जीभ स्नायूंवर चालते आणि स्नायूंना कॅल्शियम लागतं, म्हणून तूट तिथे लवकर दिसते.

हे घडतं कसं? २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील ब किरण कातडीवर पडले की तिथे ड३ जीवनसत्त्व तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात आणि मग कुठे आतडं अन्नातलं कॅल्शियम शोषू लागतं. किरण नाहीत तर शोषण नाही. रक्तातलं कॅल्शियम घटलं की हृदय आणि नसा चालू ठेवण्यासाठी परावटू ग्रंथीचं संप्रेरक हाडांतून ते ओरबाडून काढतं. त्यात रातकिडे, झुरळं, अळ्या हे बहुतेक खाद्यकिडे फॉस्फरसनं भरलेले आणि कॅल्शियमला पारखे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये व्हेल्ड शॅमेलिऑनच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नुसत्या किड्यांवर वाढवलेल्या पिल्लांची हाडं बिघडली; कॅल्शियम, अ आणि ड३ जीवनसत्त्वं आणि अतिनील प्रकाश ही सांगड घातली तेव्हा ती टिकली.

म्हणूनच आजारी शॅमेलिऑनची तपासणी पिंजऱ्याच्या छतापासून सुरू करावी. तिथला दिवा नुसता उजेडाचा आहे की अतिनील नळी आहे? असेल तर किती जुनी? नळी डोळ्यांना लख्ख दिसत राहते, पण तिचे अतिनील किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक आहे का? असेल तर ते किरण तिथेच अडतात, आणि म्हणून खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामाचं नाही. नळी जाळीवर आणि सरडा तिच्या हातभर खाली बसत असेल तर जे पोचतं ते फारच थोडं. टेक्सासमधल्या एका संशोधनात असं दिसलं, की ड३ कमी पडलेले पँथर शॅमेलिऑन आपण होऊन अतिनील प्रकाशात जास्त वेळ बसतात आणि पुरेसं असलेले कमी. त्याला ते कळतं. फक्त निवडायला प्रकाश आणि सावली दोन्ही लागतात, आणि त्या आपण द्यायच्या असतात.

पाण्याची गोष्ट सोपी आहे, तरीही चुकते. शॅमेलिऑन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. दुकानात फवारा मारायला कुणी फिरकलं नसेल तर तो तहानलेलाच घरी येतो. डोळ्यांचे शंकू खोल गेलेले, कातडीची घडी चिमटल्यावर तशीच उभी राहिलेली, आणि विष्ठेबरोबर पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, पांढरा गोळा पिवळाधमक किंवा नारिंगी, ही खूण पक्की. किंचित पिवळेपणा चालतो, नारिंगी नाही. पाण्याची तूट लांबली तर मूत्रपिंडं जातात, आणि ती परत येत नाहीत.

श्वसनाचा संसर्ग ओळखायला जरा कान लागतात. तोंड उघडं ठेवणं म्हणजे दरवेळी आजार नव्हे. उष्णता जास्त झाली की शॅमेलिऑन तोंड उघडून अंग थंड करतो. दिव्यापासून दूर, गार कोपऱ्यातही तो तोंड उघडून, नाक वर करून बसला असेल, श्वासाबरोबर टिकटिक किंवा घरघर येत असेल, तोंडात तार धरणारी लाळ किंवा बुडबुडे दिसत असतील तर फुप्फुसं भरली आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटल नाही, जोर लावून खोकून कफ बाहेर काढता येत नाही. आत साचलेलं आतच राहतं. सांध्यावर किंवा जबड्याच्या कडेला आलेली गाठही तशीच हट्टी असते: यांचा पू पातळ होत नाही, पनीरसारखा घट्ट राहतो, त्यामुळे शेकून किंवा दाबून तो निघत नाही. डॉक्टरला कापूनच काढावा लागतो.

मादी असेल तर आणखी एक शक्यता धरा. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी वीस-तीस, कधी कितीतरी जास्त, आणि वय जेमतेम सहा महिन्यांचं असताना हे सुरू होऊ शकतं. अंडी घालायच्या आधी ती खाणं सोडते, पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालते, उकरते. इथवर सगळं ठीक. तिला वीतभराहून खोल, दमट, न ढासळणारी वाळू-माती द्या, पिंजऱ्यावर कापड टाका आणि तिच्याकडे बघत बसू नका. पण उकरणं थांबलं, अंडी आली नाहीत आणि ती तळाशी डोळे मिटून बसली, तर अंडी अडली आहेत. रात्र काढू नका.

उपचारांत ज्या गोष्टीला सगळ्यात कमी मान मिळतो ती म्हणजे ऊब. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर प्रयोग केले. जंतू टोचलेले इग्वाना आपण होऊन जास्त उबदार जागी गेले. म्हणजे ज्यांचं शरीर स्वतः ताप आणू शकत नाही, त्यांनी जागा बदलून ताप आणला. जिवंत जंतू टोचून ३४ ते ४२ अंश सेल्सिअसच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं, तेव्हा थंड गटातले बहुतेक दगावले आणि उष्ण गटातले बहुतेक वाचले. शॅमेलिऑन वाळवंटी इग्वाना नाही, ४० अंश त्याच्या जिवावर बेतू शकतात. पण तत्त्व तेच: योग्य तापमानाशिवाय त्याच्या पांढऱ्या पेशी लढत नाहीत आणि पोटातलं औषधही नीट शोषलं जात नाही. व्हेल्ड आणि पँथरसाठी दिव्याखालची फांदी साधारण २९ ते ३२ अंश हवी, आणि बाकीचा पिंजरा त्याहून गार, म्हणजे त्याला हलता येईल. अशक्त सरडा दिव्याखालून हलू शकत नसेल तर तो भाजतो, म्हणून दिव्याचं अंतर हात धरून तपासा. तापमापक सरडा बसतो तिथे लावा, भिंतीवर नको.

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत करायचं ते एवढंच: ऊब नीट करा, पानांवर कोमट पाण्याचे थेंब पडत राहतील असं बघा, फांद्या खाली उतरवा म्हणजे पडला तरी लागणार नाही, आणि त्याला एकटं सोडा. हातात घेऊन धीर देण्यानं त्याला धीर मिळत नाही, ताण मिळतो. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका. मऊ पडलेला जबडा मोडतो आणि द्रव श्वासनलिकेत जाऊ शकतो. शिवाय शरीरात पाणी नसताना पोटात अन्न ढकललं तर ते पचत नाही. घरातली माणसांची किंवा कुत्र्या-मांजरांची औषधं अजिबात नकोत. अ जीवनसत्त्व कमी पडल्यानंही डोळे सुजतात हे खरं, पण त्याचा जादा डोसही विषारी असतो, त्यामुळे तेही अंदाजानं देऊ नका.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार हवा. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही भला असला तरी इथे पुरत नाही, आणि हे त्याला विचारलंत तर तो स्वतःच दुसरं नाव सुचवेल. खरं तर हे नाव सरडा घरी आणण्याआधीच शोधून ठेवावं. नेताना छोटं हवेशीर खोकं, आत आडवी काठी, बाहेरून अंधार. बरोबर ताजी विष्ठा बंद डबीत न्या, तिच्यात परजीवींची अंडी दिसतात. पिंजऱ्याचे, दिव्याचे आणि कॅल्शियमच्या डबीवरच्या लेबलाचे फोटो न्या. रोजचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याला पुरतो. क्ष-किरण चित्रात हाडांची घनता आणि अडलेली अंडी दोन्ही दिसतात.

औषध सुरू झालं की धीर धरावा लागतो. काही प्रतिजैविकं तीन दिवसांतून एकदाच टोचली जातात, कारण हे शरीर ती सावकाश बाहेर टाकतं. रोज द्यावं असं वाटलं तरी द्यायचं नसतं. दोन टोचण्यांत बरा दिसला म्हणून उपचार मध्येच सोडू नका. विष्ठा पुन्हा तपासून घ्या. त्याला हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कारण निरोगी सरड्याच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हात लावू देऊ नका. वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत. पण वेळेत पकडलेल्या मुडदुसातून पकड आणि जीभ परत येऊ शकते, आणि तसा शॅमेलिऑन वाकड्या पायांनी पुढे वर्षानुवर्षं चढतो, शिकार करतो. त्याच्या फांद्या जरा जाड आणि जवळजवळ लावाव्या लागतात, इतकंच.