साइट तीच, ॲप वेगळं: मग फरक नेमका कुठे पडतो?

रेडिट, म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या ग्रुपमध्ये पोस्ट आणि कमेंट टाकायची साइट, २००५ सालची, पण आज तिचं जे ऑफिशियल ॲप आपण बघतो ते आलं थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात लोक मोबाइलवर रेडिट वाचत नव्हते असं थोडंच आहे, धडाधड वाचत होते, फक्त बाहेरच्या डेव्हलपर्सनी बनवलेल्या ॲप्सवर. रिफ, सिंक, बेकनरीडर, आणि २०१७ पासून आयफोनवर ख्रिश्चन सेलिग या डेव्हलपरचं अपोलो. मग २०२३ च्या जूनअखेर यातली बरीचशी ॲप्स एका झटक्यात बंद पडली. का, ते कळायला आधी ही ॲप्स चालतात कशी ते बघू.

पोस्ट, कमेंट, व्होट हे सगळं असतं रेडिटच्या सर्व्हरवर. ॲप तिथे विचारतं, "या ग्रुपमधल्या ताज्या पोस्ट दे," आणि उत्तरात येतो नुसता मजकूर, म्हणजे शीर्षक, कोणी लिहिलं, किती व्होट, किती वाजता. रंग नाही, बटणं नाहीत, मांडणी नाही. विचारायची ही जी ठरलेली पद्धत तिला एपीआय म्हणतात. आलेला मजकूर कसा सजवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून तीच पोस्ट दोन ॲप्समध्ये पार वेगळी दिसते.

पासवर्डची भीती बऱ्याच जणांना असते, पण नीट बनवलेलं थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या डेव्हलपरचं, ॲप तुमचा पासवर्ड बघतच नाही. लॉगिन करताना रेडिटचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड तिथे टाकायचा, आणि रेडिट ॲपला एक टोकन, म्हणजे एक डिजिटल परवाना, देतं. पुढची सगळी कामं त्या टोकनवर, आणि तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन ते कधीही रद्द करू शकता.

आता खरी गोम. रेडिटच्या एपीआयमधून पोस्ट यायच्या, जाहिराती यायच्या नाहीत. शिवाय बाहेरचं ॲप वापरलं की सर्व्हरला एवढंच कळतं की काय मागितलं, पण कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर कुठल्या पोस्टवर तुमचं बोट किती वेळ थांबलं, कुठून तुम्ही झपकन पुढे गेलात, हेही नोंदवता येतं, आणि जाहिरातवाल्यांना हवं असतं ते नेमकं हेच. म्हणजे सर्व्हरचा खर्च रेडिटचा आणि कमाई मात्र नाही. कंपनीचं हे रडगाणं अगदीच खोटं नव्हतं, माझा आक्षेप आहे तो दरावर आणि घाईवर.

२०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सकडून एपीआयचे पैसे घ्यायचं ठरवलं, दर हजार रिक्वेस्टला (ॲपने सर्व्हरला एकदा विचारलं की एक रिक्वेस्ट) ०.२४ डॉलर. ऐकायला चिल्लर. पण पान उघडलं की रिक्वेस्ट, कमेंट उघडल्या की रिक्वेस्ट, व्होट दिलं की अजून एक. सेलिगने सांगितलं की अपोलोचा सरासरी युजर दिवसाला ३४४ रिक्वेस्ट करतो, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर, म्हणजे माणशी अडीच डॉलर, तेव्हाचे दोनशेएक रुपये. अपोलोच्या महिन्याच्या एकूण रिक्वेस्ट ७०० कोटी, त्या हिशोबाने वर्षाचं बिल सुमारे २ कोटी डॉलर! आणि तयारीला वेळ जेमतेम महिनाभर. १२ जूनला आठ हजारांवर ग्रुप निषेध म्हणून बंद राहिले, पण रेडिट काही हललं नाही.

सगळ्यात जास्त पंचाईत झाली दृष्टिहीन युजर्सची. स्क्रीन रीडर बटणाचं नाव मोठ्याने वाचून दाखवतो, पण डेव्हलपरने ते नाव कोडमध्ये दिलंच नसेल तर फोन नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणत बसतो, आता त्यातलं व्होटचं कुठलं आणि रिप्लायचं कुठलं, ओळखा! ऑफिशियल ॲपबद्दल ही तक्रार जुनीच होती, म्हणून बरेच जण बाहेरच्या ॲप्सवर होते. शेवटी ओरड झाल्यावर रेडरीडर, डिस्टोपिया अशा काही बिनव्यावसायिक ॲप्सना रेडिटने सूट दिली.

यावरून कोणी जीबी व्हॉट्सॲपला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या त्या बाहेरच्या अवताराला, पण याच रांगेत बसवेल, तर अजिबात नको. आपल्याकडे ते किती फोनमध्ये असतं सांगायला नको. व्हॉट्सॲप बाहेरच्या चॅट ॲप्सना असं टोकन देतच नाही, ही मॉड्स म्हणजे मूळ ॲप उघडून फेरफार केलेली कॉपी. मेसेज वाटेत एन्क्रिप्टेड असला तरी तो उलगडतो तुमच्या फोनवर, त्याच ॲपच्या आत, म्हणजे ॲपच गडबड असेल तर कुलूप कितीही भक्कम असून फायदा शून्य. २०२१ मध्ये एफएमव्हॉट्सॲप नावाच्या अशाच एका मॉडमध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीला ट्रायडा हा ट्रोजन, म्हणजे लपून बसलेला घातक प्रोग्रॅम, सापडला होता. अकाउंट बॅन होतं ते वेगळंच.

ट्विटरची (आताचं एक्स) तर आणखी मजा. स्क्रीन खाली ओढली की फीड ताजं होतं ना, ती आयडिया टुइटी या बाहेरच्या ॲपमधली, जे ट्विटरने २०१० मध्ये विकतच घेतलं. आणि त्याच ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये ट्वीटबॉटसारखी बाहेरची ॲप्स काही न सांगता बंद पाडली, अशा ॲप्सना मनाई करणारा नियम आला तो नंतर. ट्वीटबॉटवाले मग मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच नेटवर्ककडे वळले आणि आयव्हरी नावाचं ॲप काढलं. मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे, त्याचं ऑफिशियल आयफोन ॲप आलं २०२१ मध्ये, तोवर सगळा कारभार बाहेरच्या ॲप्सवरच चालला होता.