दोघी आई असल्या की ताण येत नाही?

दोन बायकांच्या घरात बाळ आलं की कामं आपसूक वाटली जातात, कुरबुरीला जागाच नसते, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे खरं नाही. शिवाय या समजाचा त्रास त्या दोघींनाच होतो: भांडण झालं की वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

रात्री तीनला बाळ रडतं तेव्हा ते जिच्या अंगावर पितं तिलाच उठावं लागतं. दुसरी लंगोट बदलते, ढेकर काढते, तरी बाळ पहिलीकडेच झेपावतं. एकीला झोप नाही, दुसरीला उपरं वाटतं. अमेरिकेत १९८६ पासून लेस्बियन कुटुंबांचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातलीही बरीच जोडपी मुलं मोठी होईपर्यंत विभक्त झाली.

आपल्याकडे त्यात कायद्याची भर. सहाय्यक प्रजननाचा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा, २०२१ चा कायदा विवाहित जोडप्याला किंवा एकट्या स्त्रीला उपचार देतो, दोघींना मिळून नाही. दत्तकही एकीच्याच नावावर. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे लसीच्या रांगेत दुसरीला ‘तुम्ही मावशी का?’ विचारतात आणि तो सल घरी जोडीदारावर निघतो. यात दोघींपैकी कुणाचाच दोष नाही.

पाजणं सोडून अंघोळ, मालिश, झोपवणं दुसऱ्या आईवर पूर्णपणे सोपवा. आणि जिच्या नावावर बाळ आहे तिच्या मृत्युपत्रात दुसरीला बाळाची पालक नेमण्याबद्दल वकिलाशी आताच बोला.