काये (स्पॅनिश रॅप)
काये : ‘रस्ता’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द. स्पॅनिश भाषेतील रॅपगीतांत मात्र या एका शब्दात वस्ती, तिथले पोटापाण्याचे मार्ग, पोलिसांशी असलेले वैर आणि सोबत्यांशी असलेली बांधिलकी हे सारे सामावते.

प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर हे रॅप ‘कासेरीओ’ म्हणजे सरकारी घरकुलांच्या वसाहतींत वाढले. व्हीको सी या रॅपरने १९८०च्या दशकात त्याला कथनाचे वळण दिले. १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध ‘मानो दुरा’, म्हणजे ‘कठोर हात’, ही मोहीम काढून या वसाहतींत नॅशनल गार्डचे सैनिक आणले आणि १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून ‘अंडरग्राउंड’ रॅपच्या कॅसेटी जप्त केल्या. ज्यांच्या दाराशी पहारा बसला होता त्यांचीच गाणीही गुन्ह्यात जमा झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गीतांतील पोलिसांविषयीचा कडवटपणा समजतो.

कोलंबियात पक्क्या नोकरीवाचून रोज काही ना काही खटपट करून घर चालवण्याला ‘रेबुस्के’ म्हणतात. बोगोतामधील लास क्रुसेस या वस्तीतून पुढे आलेल्या ला एत्निया या गटाने १९९५ मधील आपल्या पहिल्या अल्बमपासून शहराचे हे कष्टाचे रूप मांडले. या गीतांवर गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाचा आरोप होतो. काही गीतांच्या बाबतीत तो खराही आहे. पण उपासमार, तुरुंग आणि आईची काळजी यांविषयीची गीते त्याच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

निष्ठेची शब्दसंपदा देशागणिक बदलते. मेक्सिकोत जिवलग मित्राला ‘कार्नाल’ म्हणतात; त्याच्या मुळाशी ‘मांस’ या अर्थाचा शब्द असल्याने मैत्रीला रक्ताच्या नात्याचे वजन येते. व्हेनेझुएलात तो ‘पाना’ होतो आणि कोलंबियातील मेदेयिन शहरात ‘पार्सेरो’. फितुराला कोलंबियात ‘सापो’, म्हणजे बेडूक, म्हणतात. जिथे एका वाक्याने शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो तिथे गप्प राहणे हीच निष्ठा ठरते, आणि माझ्या मते या गीतांचा गाभा याच भीतीत आहे. या मौनाला सर्वांनीच मान्यता दिली आहे असे नाही : मेक्सिकोतील ओआहाकाची, सापोतेक या आदिवासी समाजातील रॅपर मारे आद्व्हेर्तेन्सिया लिरिका स्त्रियांवरील हिंसेबद्दल उघड बोलते.

मेदेयिनमधील कोमूना १३ या डोंगरउतारावरील वस्तीत ऑक्टोबर २००२ मध्ये ‘ओरिओन’ ही मोठी लष्करी कारवाई झाली. पुढील वर्षांत तिथले अनेक तरुण रॅपर मारले गेले. २००९ मध्ये मारल्या गेलेल्या कोलाचो या रॅपरचे नाव त्याच्या सोबत्यांनी आपल्या कलाकेंद्राला दिले. ‘कासा कोलाचो’ या घरात वस्तीतली मुले रॅप आणि ग्राफिती शिकतात.