ख्रिस्ती ईश्वरविज्ञान विद्यालयांतील निधिसंकलन व दातृत्व

ख्रिस्ती मंडळ्यांसाठी, म्हणजे स्थानिक उपासक-समुदायांसाठी, पाळक, धर्मगुरू आणि धर्मशिक्षक घडवणाऱ्या विद्यालयाला सेमिनरी किंवा ईश्वरविज्ञान विद्यालय म्हणतात. अशा विद्यालयासाठी मंडळ्या, न्यास व व्यक्ती यांच्याकडून देणग्या मिळवणे, त्या जपणे आणि दात्यांशी नाते राखणे एवढ्याचा समावेश निधिसंकलनात होतो. या शिक्षणाचे अर्थकारण इतर उच्च शिक्षणाहून मुळातच निराळे आहे. वैद्यकाचा विद्यार्थी शिक्षणाचा खर्च पुढे स्वतःच्या कमाईतून भरून काढू शकतो. पाळकाचे वेतन मात्र बहुधा बेताचेच असते, आणि शुल्क वाढवून खर्च भागवला तर कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या पदवीधराला लहान, गरीब मंडळीत जाऊन सेवा करणे परवडत नाही. म्हणून या दानाचा लाभ विद्यार्थ्याला जितका होतो तितकाच दात्याने कधी न पाहिलेल्या त्या मंडळीलाही होतो. हे ध्यानात घेतल्याखेरीज या दातृत्वाचे स्वरूप नीट कळत नाही.

दानाचा आधार बायबलच्या नव्या करारात शोधला जातो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग (मार्क १२ : ४१–४४) आणि ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे प्रेषित पौलाचे वचन (२ करिंथ ९ : ७) निधीच्या आवाहनांत वारंवार येतात. हे वचन ज्या वर्गणीसंबंधी आहे, ती पौलाने यरुशलेममधील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी जमवली होती, विद्यालयासाठी नव्हे. तरीही अत्यंत दारिद्र्यातल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी आपण होऊन दिले, हा त्यातला मुद्दा येथेही तंतोतंत लागू पडतो.

रोमन कॅथलिक परंपरेत प्रारंभ ऐच्छिक दानाने नव्हे, तर आकारणीने झाला. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने १५ जुलै १५६३ रोजी, तेविसाव्या सत्रात, धर्मप्रांतांनी (एकेका बिशपाच्या अखत्यारीतील प्रदेशांनी) सेमिनरी चालवावी असे ठरवले आणि तिच्या खर्चासाठी बिशपाच्या स्वतःच्या उत्पन्नासह चर्चच्या विविध उत्पन्नांतून ठरावीक भाग कापून घेण्याची मुभा दिली. प्रवेशात गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांच्या मुलांना वगळू नये, पण त्यांनी आपला खर्च स्वतः सोसावा, असेही त्या आदेशात होते. ऐच्छिक दानाची मोठी चळवळ कॅथलिकांत पुढे उभी राहिली. नागासाकीच्या बिशपांना पैशाअभावी होतकरू मुलांना परत पाठवावे लागत होते; त्यांच्या पत्रावरून झान बिगार आणि त्यांची आई स्तेफानी यांनी १८८९ मध्ये फ्रान्समध्ये प्रेषित संत पीटर यांच्या नावाची संस्था काढली. १९२२ मध्ये तिला पोपची अधिकृत मान्यता मिळाली. मिशन प्रदेशांतील सेमिनरींना ती आजही साहाय्य करते.

विद्यालयाला मिळणाऱ्या देणग्या साधारणतः तीन प्रकारच्या असतात. चालू खर्चासाठीच्या बिनअटीच्या देणग्या सर्वांत उपयोगाच्या आणि मिळायला सर्वांत अवघड असतात, कारण शिक्षकांचे वेतन किंवा छपराची डागडुजी यांवर दात्याचे नाव कोरता येत नाही. शिष्यवृत्ती, ग्रंथालय किंवा अध्यासन यांसाठीची देणगी ठरलेल्या हेतूलाच वापरावी लागते. तिसरा प्रकार कायम निधीचा. यात मुद्दल राखून वर्षाला त्याचा लहान अंश, बहुधा चार ते पाच टक्के, खर्च केला जातो. मृत्युपत्राने आलेल्या देणग्या पुष्कळदा या निधीत जमा होतात. माजी विद्यार्थी बहुतांशी पाळकच असल्याने त्यांच्याकडून मोठ्या रकमा क्वचितच येतात. मात्र आपल्या मंडळीला विद्यालयाची ओळख करून देणारे तेच असतात, आणि हे काम रकमेपेक्षा कमी मोलाचे नाही.

अटींचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. अमेरिकेतील अँडोव्हर येथे १८०७ मध्ये स्थापन झालेल्या सेमिनरीत देणगीदारांच्या एका गटाने एक श्रद्धापत्र (मान्य धर्ममतांचे लेखी निवेदन) निश्चित केले, प्राध्यापकांनी दर पाच वर्षांनी त्याला पुन्हा मान्यता द्यावी अशी अट घातली आणि देखरेखीसाठी निरीक्षक मंडळ नेमले. सुमारे ऐंशी वर्षांनी नव्या विचारांच्या प्राध्यापकांवर याच अटीच्या आधारे आरोप ठेवले गेले. १८८७ मध्ये एकाला पदच्युत करण्याचा निर्णय झाला, पण पुढे तो न्यायालयात टिकला नाही. दात्यांचा हेतू प्रामाणिक होता. तरी मृतांच्या शब्दांनी जिवंत अध्यापनाला किती काळ बांधावे, हा प्रश्न या प्रकरणाने फार स्पष्टपणे पुढे आणला.

एकाच दात्यावर विसंबण्याचा धोका अमेरिकेतील मेथडिस्ट पंथाच्या ड्रू सेमिनरीने अनुभवला. शेअर बाजारातील सट्टेबाज डॅनियल ड्रू यांच्या औदार्याने ती १८६७ मध्ये न्यू जर्सीत सुरू झाली. त्यांनी कबूल केलेल्या कायम निधीचे मुद्दल मात्र प्रत्यक्षात हातात पडले नव्हते, केवळ व्याज मिळत होते. १८७६ मध्ये ड्रू दिवाळखोर झाले आणि तो आधार एकाएकी तुटला. मेथडिस्ट मंडळ्यांकडे धाव घेऊन विद्यालय सावरावे लागले.

याउलट, १९५७–५८ च्या घाना येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेने ईश्वरविज्ञान शिक्षण निधी उभारला, तेव्हा रॉकफेलर कुटुंबाशी संबंधित न्यासाने वीस लाख डॉलर दिले आणि तेवढीच रक्कम मिशन मंडळांनी घातली. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील विद्यालयांना शिक्षक, ग्रंथालये आणि पाठ्यपुस्तके यांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. परक्या पैशाबरोबर परका अभ्यासक्रमही येतो, ही तक्रार पुढे याच निधीच्या वर्तुळात मोकळेपणाने मांडली गेली.

देणगीचा उगम कोठला, याचीही चिकित्सा अलीकडे होऊ लागली आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन सेमिनरीने आपल्या इतिहासाची तपासणी केली, तेव्हा गुलामगिरीवर पोसलेल्या अर्थव्यवस्थेचा लाभ दाते आणि गुंतवणुकी यांच्या मार्गाने तिला मिळाल्याचे दिसले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने या अन्यायाच्या प्रतिपूर्तीसाठी सुमारे २ कोटी ७६ लाख डॉलर राखून ठेवले. त्यातून जाहीर झालेल्या तीस नव्या शिष्यवृत्त्यांत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांचा विचार प्रामुख्याने केला आहे.