गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती (क्लासिक मोटारगाड्यांची)

जुन्या मोटारगाडीचे पुनरुज्जीवन करताना गंजाने खाल्लेला पोलादी पत्रा कापून काढणे, त्या जागी नवा पत्रा जोडणे आणि गंज पुन्हा धरणार नाही अशी व्यवस्था करणे, या सर्व कामाचा समावेश या दुरुस्तीत होतो. गंजाचा खरा विस्तार कापल्याशिवाय कळत नसल्यामुळे पुनरुज्जीवनातील सर्वांत अनिश्चित भाग हाच असतो.

पाणी आणि ऑक्सिजन यांच्यामुळे लोखंडाचे जे जलयुक्त ऑक्साइड बनते ते गंज होय. मिठामुळे पाण्याची विद्युत्‌वाहकता वाढते आणि ही क्रिया वेग घेते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तो रंगाखाली फुगे आणतो आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला तर सांधाच फाकवतो. चाकांवरच्या कमानींत साचलेला चिखल, दारांखालचे पोकळ उंबरठे आणि पाणी निघून जाण्याची बुजलेली भोके ही त्याची ठरलेली ठिकाणे होत. तेथे गंज बहुधा आतून बाहेर येतो. रंगावर नखाएवढा फुगा दिसतो, त्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले की ते सरळ आत जाते आणि तळहाताएवढ्या भागाचा तपकिरी भुगा हाती येतो.

दुरुस्तीची सुरुवात म्हणूनच शोधाने होते. जाड लांबीवर (खळगे-भोके बुजवण्याच्या पुटीवर) लोहचुंबक नीट धरत नाही, त्यावरून पूर्वीची झाकपाक उघडी पडते. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने निघतो. मात्र सपाट, रुंद पत्र्यावर जोराचा मारा केल्यास तो वेडावाकडा होतो. फॉस्फोरिक आम्लाने उरलेल्या गंजाचे लोह फॉस्फेटात रूपांतर होते. ही रसायने पातळ गंजापुरतीच उपयोगी आहेत, सडलेल्या पत्र्याला ती बळ देऊ शकत नाहीत. भोकावर लांबी थापणे किंवा गंजावरच ठिगळ जोडणे ही तर दुरुस्तीच नव्हे, कारण झाकलेल्या जागी गंज वाढतच राहतो. चकाकता, पुऱ्या जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जाणे हाच खरा उपाय आहे.

सित्रोएन ट्रॅक्शन अव्हांतसारख्या (१९३४) ज्या गाड्यांना स्वतंत्र चौकट नसते आणि कवचच भार पेलते, त्यांत उंबरठा कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे आधार जोडून कर्णांची मापे घ्यावी लागतात. ते न केल्यास गाडी मध्यभागी खचते आणि नंतर दारे बसत नाहीत.

बाह्य पत्रा साधारणपणे ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो चटकन ताणतो व आक्रसतो. म्हणून सलग शिवण न घालता प्रथम दूरदूर टाके घालतात. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मग एक मधोमध, आणि प्रत्येक टाका निवल्यावरच पुढचा, असे करत ती रेघ भरून काढली जाते. दिसणाऱ्या भागात कडेला कड भिडवून केलेला जोड उत्तम ठरतो. एकावर एक चढवलेल्या जोडात पाणी धरणारी फट राहते. आक्रसलेला टाका मागे डॉली (हातात धरायचा पोलादी ठोकळा) धरून हातोडीने ठोकला की पत्रा पुन्हा पसरून पातळीत येतो. हे कौशल्य हाताला आणि कानाला मिळूनच येते, कारण डॉली नेमकी खाली आहे की नाही हे ठोक्याच्या आवाजावरून कळते. पॉलिएस्टर लांबी रूढ होण्यापूर्वी उरलेले खळगे शिसे व कथील यांच्या मिश्रधातूने भरत. काही कारागीर आजही तीच रीत पाळतात, परंतु शिशाची धूळ विषारी असल्याने तेथे ग्राइंडर न चालवता कानसच वापरावी.

जोडकामानंतर एपॉक्सी प्रायमर देऊन सांध्यांवर सीलर भरतात. कारखान्यांनी गंजाचा विचार गांभीर्याने केला तो बराच उशिरा. पोर्शे ९११ साठी जस्तलेपित पत्रा १९७० च्या दशकाच्या मध्यास वापरात आला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या पोकळ्या आतून जवळजवळ उघड्याच असत, म्हणून रंगकाम झाल्यावर लांब नळीने त्यांत मेण फवारले जाते. हे मेण सांध्यांत झिरपते, आणि कधीकधी पाण्याची भोकेही बुजवते. ती शेवटी तारेने मोकळी करावी लागतात.