वीजबिलावरील दिवंगत व्यक्तीचे नाव बदलताना अर्ज कुठे अडतो

सासरे जाऊन नऊ वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहते, ते वेळेवर भरलेही जाते, आणि त्यामुळे महावितरणच्या जोडणीवरचे नाव बदलण्याचा विषय घरात निघत नाही. तो निघतो प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरते तेव्हा. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान असते, पण अर्जदार हयात आणि ग्राहक दिवंगत, अशी स्थिती असली की प्रकरण पुढे सरकत नाही. मग घाईघाईने नावबदलाचा अर्ज होतो आणि अपुऱ्या कागदांमुळे परत येतो.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते ‘वारस दाखला आणा’ या एका वाक्यावर. न्यायालयातून असे प्रमाणपत्र मिळवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून अनेक जण तिथेच नाद सोडतात. त्यांनी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची पुरवठा संहिता, म्हणजे वीजपुरवठ्याची नियमावली, नेमके काय म्हणते ते पाहावे. आधीच्या ग्राहकाचे संमतिपत्र जोडावे, आणि ते नसेल तर जागेच्या मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र यांपैकी कोणतेही एक जोडावे, अशी ती तरतूद आहे. दिवंगत माणूस संमतिपत्र देऊ शकत नाही. पण घर तुमच्या नावावर झालेले असेल, तर मालकीचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला यांवर काम व्हायला हवे. ‘यांपैकी कोणतेही एक’ हे शब्द अर्जासोबतच्या पत्रात आवर्जून लिहावेत.

मालकीच्या पुराव्यातही गावाकडे एक घोटाळा नेहमी होतो. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, तर घराची नोंद असते ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये. दोन्ही कागदांना बोलताना ‘आठचा उतारा’च म्हणतात, त्यामुळे लोक नको तो उतारा घेऊन तालुक्याला येतात आणि त्यांचा दिवस वाया जातो. शहरात मालमत्ता पत्रक, इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) किंवा मालमत्ता कराची पावती चालते.

घरही दिवंगताच्याच नावावर असेल, तर आधी ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत वारसांची नोंद करून घ्यावी आणि उरलेल्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडावे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे यात हमखास राहून जातात. त्याही वारस आहेत आणि त्यांची सही लागते. भाऊ-बहीण सही द्यायला कचरतात, कारण बिलावर ज्याचे नाव लागले, घरही त्याचेच होईल अशी भीती असते. त्यांना शांतपणे समजावून सांगावे की वीजबिल हा मालकीहक्काचा दस्त नाही आणि त्यावरील नावाने कोणाचा हिस्सा कमी होत नाही.

बिलावर ‘डी. व्ही. पाटील’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’ आणि घराच्या उताऱ्यावर ‘दत्तू’ असेल, तर तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. हा फरक खिडकीवर लक्षात आला, तर पुन्हा हेलपाटा पडतो.

थकबाकीकडे दुर्लक्ष करू नये. जागा विकत घेणाऱ्या नव्या मालकावर मागील थकबाकीपैकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच जबाबदारी येते, पण वारसाला ही मर्यादा लागू नाही. दोन वर्षांहून जुनी रक्कम बिलात सातत्याने दाखवलेली नसेल, तर विद्युत कायदा, 2003 च्या कलम 56 नुसार ती वसूल करता येत नाही; म्हणून जुनी बिले रद्दीत घालू नयेत. सुरक्षा ठेवही आपल्या नावावर वर्ग करावी, असे अर्जातच लेखी मागावे.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर, मोबाइल अॅपवर किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो.

मुदतीचा अर्थ मात्र लोक चुकीचा लावतात. निर्णय दुसऱ्या बिलिंग चक्रापर्यंत, म्हणजे बिल काढण्याच्या दुसऱ्या फेरीपर्यंत, कळवायचा असतो, पण ही मुदत अर्ज आणि शुल्क दोन्ही जमा झाल्यावर मोजली जाते. फॉर्म देऊन ‘साहेब नाहीत, नंतर या’ हे ऐकून परतलेल्या माणसाची मुदत सुरूच झालेली नसते. त्यामुळे पोच आणि शुल्काची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

अर्ज नाकारायचा असेल, तर आधी म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि कारण लेखी कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. तोंडी नकार ऐकून घरी जाणारी वयस्कर माणसे पाहिली की वाईट वाटते, कारण त्यांच्या हातात दाद मागण्यासाठी कागदच नसतो. लेखी नकार हाती आला किंवा मुदत उलटली, की ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. मंचाचा निर्णय पटला नाही, तर मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे जाता येते, मात्र तिथे 60 दिवसांच्या आत जावे लागते.